नाव शेवटी घ्या

गटाने पक्षी बघायला गेलं की दुर्मीळ पक्षी दिसण्याची शक्यता वाढते, यात शंका नाही. कुणी झाडाच्या शेंड्याकडे बघत असतं, कुणी बांधाकडे, कुणाचा कान मागच्या झुडपातल्या आवाजाकडे लागलेला असतो. पण दिसलेला पक्षी बरोबर ओळखला जाण्याची शक्यता त्याच हिशेबाने वाढत नाही. बऱ्याचदा ती उलट घटते. पक्षी दिसून दोन-तीन सेकंद होत नाहीत तोच कुणीतरी त्याचं नाव उच्चारतं आणि मग बाकीचे त्या नावाला जुळणाऱ्या खुणा तेवढ्या शोधू लागतात. दहा जणांनी पाहिलं असं आपण नंतर अभिमानाने सांगतो, पण खरं तर एकाने पाहिलेलं असतं आणि नऊ जणांनी त्याला होकार दिलेला असतो. म्हणून सहलीला निघणाऱ्या गटांनी एकच शिस्त पाळावी, असं माझं म्हणणं आहे: आधी प्रत्येकाने दिसलं ते सांगायचं, मग बोलायचं, आणि नाव सगळ्यात शेवटी घ्यायचं. ऐकायला ही शिस्त फार सोपी वाटते. प्रत्यक्षात ती मोडायला एक उत्साही माणूस पुरतो, आणि तो प्रत्येक गटात असतोच.

गटाचा असा दबाव कुणाच्या भित्रेपणातून येतो, असं समजू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. समोरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, इतकाच प्रश्न होता. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवून ठेवलेले, आणि ते एकमुखाने चुकीचं उत्तर देत. अशा वेळी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून गटाचं उत्तर दिलं. ही गोष्ट उजेडात, हाताच्या अंतरावर असलेल्या रेघांची. चाळीस पावलांवरचा, पानांआड अर्धा झाकलेला, कोणत्याही क्षणी उडेल असा पक्षी असेल तर माणूस किती सहज मान डोलावेल, याचा अंदाज करावा. त्याच प्रयोगातला आणखी एक भाग सहलीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. पढवलेल्यांपैकी एकाने जरी वेगळं, बरोबर उत्तर दिलं, तर दबावाला बळी पडण्याचं प्रमाण एकदम खाली येत होतं. गटातला एक शंकेखोर माणूस बाकीच्यांचे डोळे मोकळे करतो. त्याला रसभंग करणारा म्हणून मागे ठेवण्याऐवजी मुद्दाम पुढे उभं करावं.

नाव लवकर घेण्यात दुसरी गोम आहे ती शक्यतेच्या हिशेबाची. दुर्मीळ पक्षी दुर्मीळ असतो म्हणजे काय, तर त्याच जागी, त्याच वेळी, तसाच दिसणारा एखादा नेहमीचा पक्षी असण्याची शक्यता कितीतरी पट जास्त असते. एखाद्या जलाशयाच्या काठावरच्या पाणवेलींत तपकिरी, ठिपक्या-रेघांचा, मान आखडून बसलेला बगळा दिसतो आणि कुणीतरी बिटर्न म्हणतं. बिटर्न आपल्याकडे हिवाळ्यात क्वचित दिसणारा पाहुणा, त्यामुळे सगळ्यांच्या अंगावर शहारा येतो. पण तसा तपकिरी, अंगभर फिकट ठिपके असलेला पक्षी बहुतेक वेळा रातबगळ्याचं पिल्लू असतो. रातबगळा म्हटलं की मोठ्या पक्ष्याचं काळं डोकं आणि करडं अंग डोळ्यांसमोर येतं, म्हणून त्याच्या पिल्लाची आठवण होत नाही. डोक्याचा माथा काळा आहे का, गालावर गडद पट्टा आहे का, हे त्या क्षणी कुणी विचारलं तर प्रश्न तिथेच सुटतो. पिल्लं, मादी, विणीच्या हंगामाबाहेरचा पिसारा, पिसं गळतीला लागलेली, किंवा रंगद्रव्याच्या कमतरतेने पांढरा पडलेला कावळा किंवा साळुंकी, या सगळ्यांनी आजवर जेवढे दुर्मीळ पक्षी जन्माला घातले असतील, तेवढे स्थलांतरानेही आणले नसतील. म्हणून नाव घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न ठरवून विचारावा: हा नेहमीचाच पक्षी वेगळ्या वयात, वेगळ्या उजेडात दिसतोय, असं मानलं तर कोणती खूण जुळत नाही? त्या प्रश्नाला ठोस उत्तर असेल तरच पुढे जावं.

महाराष्ट्रात या सगळ्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण रानपिंगळ्याचं आहे. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढच्या काही वर्षांत जमवलेले एकूण सात नमुने जगभरच्या संग्रहालयांत होते, आणि १८८४ नंतर त्याचा एकही पक्का पुरावा नव्हता. त्या सातांपैकी बरेचसे खानदेशातून, तिथले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांच्याकडून आलेले. मधल्या काळात सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनी त्याचा शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. याचं एक कारण रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात होतं. १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीजवळ आपण रानपिंगळा मिळवला, असं त्याच्या नमुन्याची चिठ्ठी सांगत होती. ती खोटी होती. नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरून वेगळा भासेल असा केलेला, आणि मूळचा डेव्हिडसन यांचाच होता, हे पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी दाखवून दिलं. खोट्या नोंदीने शोधणाऱ्यांना चुकीच्या जागी नेलं. खऱ्या नोंदींच्या मागे जाऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं एकामागून एक धुंडाळत शहाद्याला पोहोचले, आणि तिथे सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. ज्याने शंभर वर्षांपूर्वी ठिकाण प्रामाणिकपणे लिहिलं, त्याच्या चिठ्ठीने पक्षी परत मिळवून दिला, हे हौशी नोंदीची किंमत विचारणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पण माझ्या मुद्द्याला त्या शोधातली दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे. रानपिंगळ्यासारखाच दिसणारा साधा पिंगळा खेडोपाडी, वडाच्या ढोलीत, पडक्या वाड्यात, अगदी शहरातल्या जुन्या झाडांवर सर्रास असतो. पहिल्या नजरेला दोघं सारखेच: छोटं, गोल डोक्याचं, पिवळ्या डोळ्यांचं घुबड. शहाद्याला पोहोचलेली मंडळी फरक ओळखू शकली, कारण त्यांनी संग्रहालयातले नमुने आधी बारकाईने पाहिले होते. फरक नेमका कुठे बघायचा हे त्यांना पक्षी दिसण्याआधीच माहीत होतं. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं, रानपिंगळ्याचं जवळजवळ बिनठिपक्यांचं. साध्याच्या छातीपोटावर तपकिरी ठिपक्यांच्या आडव्या ओळी, रानपिंगळ्याची छाती बरीचशी सलग तपकिरी आणि पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र. रानपिंगळ्याच्या पायांवर पांढरी पिसं दाट, शेपटीवर पट्टे रुंद, डोकं आणि चोच अंगाच्या मानाने जड. तो दिवसाउजेडी शिकार करतो, थंडीत सकाळी मोकळ्या फांदीवर उन्हात बसतो आणि शेपटी झटकतो. जंगलात तिसरा एक गोंधळ घालतो तो जंगली पिंगळा, ज्याच्या डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडवे पट्टे असतात. आता कल्पना करा, मेळघाटात गेलेल्या गटात पुढचा माणूस फांदीवरचं घुबड बघून रानपिंगळा असं कुजबुजला. मागचे सगळे पांढरं पोट शोधतील, ते उन्हात कुठल्याही घुबडाचं पांढरं दिसतं, आणि समाधानाने खाली बसतील. तोच माणूस जर एवढंच म्हणाला, घुबड, समोरच्या सागावर, घड्याळातल्या दोनच्या दिशेला, आडव्या फांदीवर, आधी डोकं बघा, मग छाती, मग पाय, तर प्रत्येकाची नजर डोक्यावरच्या ठिपक्यांवर जाईल. त्याने दिशा दिली, क्रम दिला, पण उत्तर दिलं नाही.

हेच सहलीत करायचं, आणि ते निघण्याआधी ठरवून घ्यायचं. पहाटे गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटं द्यावीत. त्या भागात दिसू शकणारे दोन-तीन दुर्मीळ पक्षी आणि त्यांच्याशी गल्लत होणारे नेहमीचे पक्षी यांच्यातला निर्णायक फरक तेवढा बोलून घ्यावा. पुस्तकातलं अख्खं पान वाचू नये. पुढच्याने दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगावी, खूण म्हणून हलणाऱ्या वस्तूपेक्षा खोड, दगड, विजेचा खांब घ्यावा. एक जण वहीवाला असावा, आणि त्याने दुर्बिणीतून बघण्यापेक्षा इतरांचे शब्द टिपावेत. एकाने कॅमेरा सांभाळावा. एकाने मात्र मुद्दाम कॅमेरा न उचलता, नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याची चाल, बसण्याची ढब, उडताना पंखांचा ठेका बघावा, कारण फोटोच्या नादात हे सगळं निसटतं. पक्षी उडाला की मगच वहीवाल्याने एकेकाला विचारावं, काय दिसलं, आणि सुरुवात गटातल्या सगळ्यात नवख्यापासून करावी. ज्याला सगळे सर म्हणतात, त्याचा नंबर शेवटी. सर एकदा बोलले की नवखा दिसलेलं गिळून टाकतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही गटात दिसेल. नवख्याचं वर्णन अनेकदा सर्वांत खरं असतं, कारण त्याला नावच माहीत नसतं, त्यामुळे तो दिसलेल्या रंगाबद्दल बोलतो, अपेक्षित रंगाबद्दल नाही.

यावर पहिला आक्षेप कॅमेऱ्याचा येतो. आता प्रत्येकाकडे लांब भिंगाचा कॅमेरा आहे, फोटो काढा आणि निकाल लावा, वर्णनाचा खटाटोप कशाला? फोटो हा उत्तम पुरावा आहे, आणि तो निघत असेल तर जरूर काढावा. पण फोटो एक क्षण पकडतो आणि तो क्षण फसवा असू शकतो. उन्हात पांढरं जळून जातं, सावलीत तपकिरी काळं होतं, जवळच्या फांदीमुळे आकाराचा अंदाज चुकतो, आणि नेमके पाय फ्रेममध्ये नसतात. रानपिंगळा बेपत्ता असतानाच्या काळात त्याचा म्हणून समजला गेलेला फोटोही पुढे साध्या पिंगळ्याचा निघाला होता. म्हणजे फोटो होता, पण तो बघणाऱ्याच्या डोक्यात नाव आधी होतं. मोबाइलमधल्या ॲपचंही तेच. मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं, ते इशारा म्हणून घ्यावं. सह्याद्रीतला पल्लवपुच्छ कोतवाल इतर कितीतरी पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, मग ॲपने तरी काय करावं? ॲपने दाखवलेलं नाव मोठ्याने वाचून दाखवणं म्हणजे पुन्हा तेच, सगळ्यांच्या आधी नाव घेणं. ॲप लावणाऱ्याने ते आपल्यापाशी ठेवावं आणि आवाज कुठून आला एवढं सांगावं.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: पक्षी पाच सेकंदांत उडतो, एवढा सोपस्कार कधी करायचा? पण पाच सेकंद कमी वाटतात, कारण आपण ते वाया घालवतो. त्यातले तीन सेकंद, कुठे, कुठे, या ओरडण्यात जातात आणि उरलेले दोन नाव ऐकून मान डोलावण्यात. काय बघायचं ते आधी ठरलेलं असेल तर एका सेकंदात डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत हे कळतं. डोकं, छाती, पंखाची पट्टी, शेपटी, पाय, असा वरून खाली जाणारा ठरलेला क्रम सरावाने अंगी येतो. दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणून सांगण्याची मुभा असेल तर कुणावर ताणही येत नाही. उलट नाव आधी आलं तर पक्षी उडाल्यानंतर अर्धा तास वाद चालतो आणि वादात जो मोठ्याने बोलतो त्याचा पक्षी नोंदला जातो.

तिसरा आक्षेप मात्र मनापासून ऐकून घ्यावा असा आहे. हा सगळा छंदाचा मामला, त्याला कोर्टाचं स्वरूप कशाला देता? रविवारी सकाळी चार घटका आनंदात जाव्यात एवढीच लोकांची अपेक्षा असते. हे मान्य करूनही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. एक, छंदाच्या नोंदी आता छंदापुरत्या राहिलेल्या नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा अहवाल ३० हजारांहून जास्त हौशी पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा होता, आणि त्यातून ९४२ प्रजातींची स्थिती तपासली गेली. नेहमीच्या पक्ष्यांच्या बाबतीत इतक्या नोंदींत एखादी चूक बुडून जाते. दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत नोंदीच मोजक्या, त्यामुळे प्रत्येक चूक मोठी ठरते. माइनर्ट्झहागनची एक चिठ्ठी पुरली होती. दुसरं, आनंद खरंच कमी होतो का? नाव ऐकून घरी आलेल्याला एक लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला पक्षी, मिळतो. स्वतः ठिपके मोजून आलेल्याला पुढच्या वेळी साधा पिंगळाही नीट दिसतो. वाद शांतपणे, बसून, चहाबरोबर व्हायला हरकत नाही. तो तर सहलीचा सगळ्यात रंगणारा भाग असतो.

संशयाची शिस्त सांगताना उलट बाजूची चूकही बघायला हवी, आणि अनुभवी मंडळी तीच जास्त करतात. असं कसं असेल, इथे कधीच दिसत नाही, म्हणून खरा दुर्मीळ पक्षी हातातून घालवणं. मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा असेल, असं २०१४ पर्यंत कुणी धरून चाललं नव्हतं. तिथे तो दिसला तेव्हा बघणाऱ्याने हे घुबड साधंच म्हणून सोडून दिलं असतं तर कुणी दोष दिला नसता. सातपुड्यात त्याची वस्ती पुन्हा सापडत गेली, मेळघाटात मोठी संख्या आढळली, आणि जागतिक यादीत तो अतिसंकटग्रस्त गटातून २०१८ मध्ये संकटग्रस्त गटात आला, ते अशा नोंदी वेळेवर झाल्या म्हणून. नाव शेवटी घ्या याचा अर्थ नाव घेऊच नका असा नाही. वर्णन आधी करून ठेवलं की ते दोन्हीकडून उपयोगी पडतं. अतिउत्साही माणसाला ते आवरतं, आणि अतिसावध माणसाला सांगतं की बाबा, छाती सलग तपकिरी होती, चौघांनी वेगवेगळं सांगितलं, आता मागे हटू नकोस.

आता नोंदीबद्दल. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवताना एखादा पक्षी त्या भागासाठी, त्या महिन्यासाठी वेगळा असेल तर ते संकेतस्थळ तपशील मागतं आणि अनुभवी स्वयंसेवक परीक्षक ती नोंद तपासतात. त्या चौकटीत बरेच जण फोटो आहे किंवा नक्की तोच होता एवढंच लिहितात. परीक्षकाला याचा काही उपयोग नाही. समजा, वहीत असं लिहिलेलं आहे: सकाळी ८.१०, ऊन आमच्या पाठीमागून, चाळीसेक पावलांवर, सागाच्या वाळक्या फांदीवर, दीडेक मिनिट. डोक्यावर ठिपके नाहीत, तिघांनी न विचारता सांगितलं, चौथ्याला दोन-तीन बारीक ठिपके वाटले. छाती सलग गडद. शेपटी पानाआड, पाय दिसले नाहीत. आवाज नाही. हे वाचून परीक्षक काही ठरवू शकतो. यात महत्त्वाचा आहे तो चौथ्या माणसाचा विरोधी शब्द. तो खोडून टाकायचा मोह होतो, पण तोच नोंदीला विश्वासार्ह बनवतो. आणि काय नव्हतं व काय दिसलं नाही, यांत भेद करावा. पाय दिसले नाहीत याचा अर्थ पायांवर पिसं नव्हती असा कुणी घेऊ नये. ओळख नक्की झाली नाही, तर ईबर्डवर फक्त गटापर्यंतची नोंद करण्याची सोय आहे, ती वापरायला लाजू नये. पुस्तक उघडायचं ते वही बंद केल्यावर. आधी उघडलं तर चित्रातला रंग आठवणीत शिरतो.

पक्षी खरोखरच दुर्मीळ निघाला तर शेवटची एक घाई टाळावी लागते, ती बातमी पसरवण्याची. व्हॉट्सॲपवर ठिकाण टाकलं की दुसऱ्या दिवशी वीस गाड्या येतात. घरटं असेल, पिल्लं असतील किंवा पाणवठ्याची एकच जागा असेल तर ठिकाण गटाच्या बाहेर जाऊ देऊ नये, वनखात्याच्या माणसाला मात्र कळवावं. आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणं तर पूर्ण टाळावं. घुबडं आपली हद्द राखणारी असतात. वाजवलेल्या आवाजाला ती प्रतिसाद देत राहतात, आणि तो वेळ त्यांच्या शिकारीचा, पिल्लांना भरवण्याचा असतो. ईबर्ड काही संवेदनशील प्रजातींचं नेमकं ठिकाण लोकांना दाखवत नाही, पण यादीतल्या शेरेवजा ओळीत आपणच पाटीवरचं गाव आणि वळण लिहिलं तर त्या सोयीचा उपयोग राहत नाही. म्हणून यादी पाठवण्याआधी शेऱ्यांचा रकाना आणि फोटोंच्या मथळ्यांतली ठिकाणं गटातल्या दोघांनी एकदा वाचून घ्यावीत.